श्रावणाआधीचं पापलेट

१६ जून २००३, सोमवार

शाळा सुरू झाली, आणि मी पर्यवेक्षिका झाले. हे वाक्य कुठेतरी नीट अक्षरात लिहून ठेवावं म्हणून ही डायरी उघडली. जानेवारीत ह्यांनी ऑफिसातून आणली होती, तेव्हापासून कपाटात कोरी पडून होती. ‘हे’ म्हणजे आत्माराम. चोवीस वर्षांच्या संसारात नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. आता एकदा लिहून टाकलं, पुन्हा लिहिणार नाही.

मोठ्या बाईंनी पहिल्याच तासाला ऑफिसात बोलावून पत्र हातात दिलं. खरं लिहायचं तर व्हायला हवा तेवढा आनंद झाला नाही. दुसऱ्याच कुणाची तरी बातमी ऐकावी तसं वाटलं. हल्ली असंच होतं. मागच्या आठवड्यात ऋतिकाचा पुण्याहून फोन आला, पहिल्या वर्गात पास झाल्याचा. ‘बरं झालं’ म्हणून मी फोन ठेवला. नंतर वाटलं, पोरीशी दोन शब्द जास्त बोलायला हवे होते. पन्नाशी आली म्हणायचं, दुसरं काय.

आणखी एक. इझाबेल तुस्कानो माझ्याहून दोन वर्षांनी सीनियर. भूगोल शिकवते. तिने फळ्यावर काढलेला नकाशा पुसायला मुलं तयार नसतात. पद तिला मिळायला हवं होतं. मी तसं म्हटलं तर हसली.

“मला सांडोरची वाडी आहे, आई आहे, बारा कोंबड्या आहेत. एवढ्यांवर पर्यवेक्षण करते ते पुरे नाही का?”

ऑफिसातली आमची क्लार्क कमल वर्तक, म्हणजे कमळी, तिथेच होती. तिने लगेच पार्टी मागितली. द्यायला हवी.

२४ जून, मंगळवार

डोकं दुखतंय. सकाळी उठल्याबरोबर, कपाळाच्या मागे. चष्म्याचा नंबर बदलला असणार. उजव्या डोळ्याला फळ्यावरची अक्षरं पुसट दिसतात.

हे आज पुन्हा डबा विसरून गेले. या महिन्यातली चौथी खेप. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, “कँटीनमध्ये खाल्लं. तू सकाळी एवढी दगदग करत जाऊ नकोस.” काल भेंडीत मीठ सढळ पडलं होतं का, असंही विचारलं. “नाही, छान होती,” म्हणाले आणि तांब्याभर पाणी प्याले. मलाच आताशा कशाला चव लागत नाही. भाज्या पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. म्हणून मी मसाला जरा वाढवते.

ह्यांना एक नवीन खोड लागली आहे. घराबाहेर पडताना गॅसचं बटण तपासायचं, एकदा नाही, दोनदा. दूधही स्वतःच तापवतात. माझ्यावर विश्वास उरला नाही असं सरळ म्हणावं माणसाने.

४ जुलै, शुक्रवार

पर्यवेक्षिका झाल्यावरची पहिली फजिती.

काल सातवी ब मधली मुलं तक्रार घेऊन आली. “बाई, वर्गात बसवत नाही, घाण वास येतोय.” मी गेले. वर्गाच्या मधोमध उभी राहून चांगला खोल श्वास घेतला. कसला वास आणि कसलं काय! गणिताची चाचणी होती, म्हणून हा कांगावा, हे मी लगेच ओळखलं. सगळ्या वर्गाला दहा मिनिटं उभं केलं.

आज सकाळी शत्रुघ्नने, म्हणजे आमच्या शिपायाने, कपाट ओढलं तर मागे मेलेली घूस निघाली. तीन-चार दिवसांची असेल, म्हणाला. तोंडाला पंचा बांधून त्याने ती बाहेर नेली. वाटेत ज्या ज्या वर्गावरून गेला तिथली मुलं ओरडत होती.

मी सातवी ब ची माफी मागितली. मुलांची नाकं फार तिखट असतात. इझाबेल दारात उभी होती. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. उगाचच.

२१ जुलै, सोमवार

दोन दिवस अंथरुणात काढले. आज उठून बसले आहे. शनिवारचं सगळं लिहून काढायचं आहे, म्हणजे ते डोक्यातून जाईल.

शनिवारी शाळा अर्धी असते. दुपारी आम्ही तिघी माझ्या पार्टीला गेलो. गोखिवऱ्याच्या रस्त्याला नवीन फॅमिली रेस्टॉरंट उघडलंय. नाव लिहीत नाही, कुणाच्या धंद्याची बदनामी नको. ए.सी. रूम, काचेच्या पेटीत एकुलता एक मासा, प्लास्टिक चढवलेलं मेनूकार्ड. ए.सी.चं पाणी गळत होतं, ते झेलायला आमच्या टेबलाशेजारी बादली ठेवलेली. कमळी म्हणाली, “बघ, धबधब्यासकट पार्टी.” तोवर सगळं छान होतं.

मी पापलेट सांगायला निघाले तर इझाबेलने माझ्या हातावर हात ठेवला.

“सरू, बोटी बंद आहेत. पाचूबंदरला दीड महिना झाला, जाळं भिजलेलं नाही. हे पापलेट आणणार कुठून? चिकन सांगू या.”

“माझ्या पार्टीला पापलेटच,” मी म्हटलं. “श्रावण लागला की पुढे महिनाभर आमच्याकडे बंद.”

सूप आलं ते कोमट. त्याला रंग होता, बाकी काही नव्हतं. मग पाऊण तास कुणी फिरकलंच नाही. रोट्या आल्या त्या चामड्यासारख्या. मी यजमान, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला माझाच जीव वरखाली होत होता. शेवटी पापलेट आलं. लालभडक, वर लिंबू, कांद्याच्या चकत्या. मी माझ्या हाताने दोघींना वाढलं आणि भूक लागली होती म्हणून खायला सुरुवात केली. अर्ध्याहून जास्त संपवलं तेव्हा लक्षात आलं, या दोघींचे हात थांबलेत. कमळीने रुमाल तोंडाला लावला होता. इझाबेल ताटावर वाकली, आणि ताठ झाली.

“सरू, खाऊ नकोस.”

“का?”

“नासलंय.”

“काहीतरीच! चांगलं कुरकुरीत तळलंय.”

“तुला वास येत नाही?” इझाबेलने हे इतक्या हळू विचारलं, की मला तो टोमणाच वाटला.

कमळी म्हणाली, “अगं, डोळे झोंबतायत इथे बसून.”

मला वाटलं, दोघींनी आधीच ठरवलंय. सूप वाईट, रोटी वाईट, आता मासाही वाईट. माझं जे काही असेल ते वाईट. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते इथे जसंच्या तसं लिहिते, कारण डायरीत खोटं लिहून काय मिळवायचं? मी म्हटलं, “इझाबेल, नासलेलं पापलेट नाही लागत तुला. मला मिळालेलं पद लागतंय.”

शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघायला लागला. मॅनेजर धावत आला. “मॅडम, माल आजचाच आहे.”

इझाबेलने तिची प्लेट त्याच्यापुढे सरकवली. “मग तुम्ही खाऊन दाखवा.”

त्याने प्लेट उचलली, नाकाजवळ नेली आणि कमळीचीही प्लेट उचलायला लागला. मी त्याला थांबवलं. “माझी काही तक्रार नाही. मला आवडलंय.” आणि कमळीच्या प्लेटमधली तुकडी उचलून तोंडात टाकली. इझाबेलने माझं मनगट धरलं. मी ते झटकलं आणि खात राहिले, तिच्याकडे बघत, एक एक घास.

येताना वेगळी रिक्षा केली. संध्याकाळपासून उलट्या, जुलाब. ह्यांनी डॉक्टरला घरी आणलं. मासा खराब होता हे कबूल करायलाच हवं. पण म्हणून चारचौघांत माझा अपमान करायचा? इझाबेलचे तीन फोन आले. मी ह्यांना सांगितलं, झोपलेय म्हणून सांगा.

२४ जुलै, गुरुवार

शाळेत गेले. इझाबेलशी बोलले नाही. तिनेही आग्रह केला नाही, पण शिक्षकखोलीत मान वर केली की तिची नजर माझ्यावरच. मधल्या सुट्टीत कुणीतरी सुक्या जवळ्याची चटणी आणली होती. सगळ्या बायका नाक धरून हसत होत्या. मी पेपर तपासत बसले होते. इझाबेल बघत होती ती मला, डब्याकडे नाही.

संध्याकाळी भाजी घ्यायला स्टेशनकडे गेले, तर हे आणि इझाबेल रसवंतीच्या बाकावर बसून बोलत होते. ह्यांची मान खाली. मला बघून दोघं गप्प झाले. माझीच मैत्रीण आणि माझाच नवरा! घरी आल्यावर विचारलं तर म्हणाले, “सहज भेटल्या.” चोवीस वर्षांत या माणसाला खोटं बोलता आलेलं नाही.

२७ जुलै, रविवार

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी चारच्या सुमारास इझाबेल आणि कमळी घरी आल्या. इझाबेलच्या हातात कापडी पिशवी. मी बसा म्हटलं, एवढंच. ती बसली नाही.

“सरू, डोळे मीट.”

“मी काय सातवीतली मुलगी आहे?”

“आज आहेस. मीट.”

हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ते म्हणाले, “कर गं त्या म्हणतात तसं.” त्यांचा आवाज असा होता की मी डोळे मिटले.

“हे काय आहे, सांग,” इझाबेल म्हणाली.

“काय काय आहे?”

“बरं. आणि हे? आता हे?”

“अगं, काय ते समोर तरी धर.”

“आणि हे? नीट श्वास घे. घाई करू नकोस.”

मला राग आला. “इझाबेल, तू रिकाम्या हातांनी माझी थट्टा चालवली आहेस.” असं म्हणून मी डोळे उघडले.

सुका बोंबील माझ्या नाकापासून दोन बोटांवर होता.

टेबलावर एक सोनचाफ्याचं फूल होतं, ठेचलेला लसूण होता, रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा होता. ते सगळं तिने माझ्या नाकाशी धरून झालं होतं. मी सोनचाफा उचलून नाकाला लावला, अगदी दाबून लावला. कागद हुंगावा तसं. कमळीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला मात्र फक्त नवल वाटत होतं. वास कधी गेला? गेला तर मला कळलं कसं नाही? शेवटचा वास कसला घेतला होता, ते आठवून आठवूनही आठवेना.

मग हे बोलले. मे महिन्यात एक दिवस ते ऑफिसातून आले तेव्हा घरभर गॅस पसरला होता. मी आत तांदूळ निवडत बसले होते. “तू मला म्हणालीस, अंधार पडलाय, दिवा लावा. आणि स्वतःच बटणाकडे हात नेलास. मी तो हात धरला.”

“मला सांगितलं का नाही तुम्ही?”

“तुला भीती वाटेल म्हणून. मग वाटलं, सर्दी असेल, जाईल.” थोडं थांबून म्हणाले, “मग मलाच भीती वाटायला लागली.”

मला तो दिवस आठवतो. ह्यांनी माझा हात धरला होता आणि सोडतच नव्हते. मी म्हटलं होतं, या वयात काय हे!

२ ऑगस्ट, शनिवार

इझाबेलने मला तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे नेलं. डॉ. क्लेमेंट, कान-नाक-घशाचे. दहावीला तिने त्याला तीनदा वर्गाबाहेर काढलं होतं म्हणे. त्याने माझ्या नाकात दिवा टाकून बराच वेळ बघितलं.

“नाक अगदी स्वच्छ आहे, टीचर,” तो इझाबेलला म्हणाला, मला नाही. “सर्दी नाही, हाड वाढलेलं नाही. मला तेच आवडलं नाही.”

मग मला एकेक विचारलं. डोकं कधी दुखतं? सकाळी. डोळे? उजवा. चिडचिड होते का? मी नाही म्हटलं. इझाबेल खिडकीबाहेर बघत होती.

बोरिवलीला स्कॅन करायला सांगितलंय.

९ ऑगस्ट, शनिवार

डोक्यात गाठ आहे. कपाळाच्या मागे, नाकाच्या मुळाशी. लिंबाएवढी.

१० ऑगस्ट, रविवार

काल याच्यापुढे लिहवलं नाही.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरून समजावून सांगितलं. गाठ मेंदूत नाही, मेंदूच्या आवरणातून वाढलेली आहे. बहुतेक साधी असावी, कॅन्सरची वाटत नाही. फार हळू वाढते, सात-आठ वर्षंसुद्धा लागली असतील. आधी तिने वासाची नस दाबून टाकली, आता डोळ्याच्या नसेकडे सरकली आहे. अजून सहा-आठ महिने गेले असते तर नजर गेली असती, आणि मग हळूहळू बाकीचंही. ऑपरेशन करावंच लागेल.

मी विचारलं, “कशातच मन लागत नाही, आनंद वाटत नाही, तेही याच्यामुळेच?”

“असू शकतं,” ते म्हणाले. “पुढच्या मेंदूवर दाब आहे.”

हे ऐकून मी रडले असते तर कुणालाही समजलं असतं, पण मला हलकं वाटलं. म्हणजे मी आटून गेले नव्हते. आल्या आल्या ऋतिकाला फोन लावला आणि पास झाल्याबद्दल शाबासकी दिली. दोन महिन्यांनी. ती म्हणाली, “आई, तू बरी आहेस ना?” म्हटलं, नाही, पण होईन.

मग एक प्रश्न मनात आला. त्या दिवशी हॉटेलात इझाबेलला जे बोलले, ते मी बोलले की गाठ बोलली? फार विचार केला. सगळंच गाठीवर ढकलणं बरं नाही. थोडं माझंही होतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मोठ्या बाई घरी भेटायला आल्या. रजेचा अर्ज त्यांनीच लिहून आणला होता. निघताना म्हणाल्या, “पदाची काळजी करू नका. तुम्ही येईपर्यंत इझाबेल बघेल. तशी तीच हट्टाला पेटली होती, सरोजिनीलाच करा म्हणून.”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“तुम्हाला ठाऊक नाही? एप्रिलमध्ये पत्र तिच्याच नावाचं तयार होतं. तिने परत केलं. म्हणाली, सरू हल्ली गप्प गप्प असते, मुलांतसुद्धा रमत नाही. काहीतरी नवीन मिळालं तर उभारी येईल तिला.”

त्या गेल्यावर मी साडी बदलली आणि रिक्षा करून सांडोरला गेले. हे नको नको म्हणत असताना. इझाबेल वाडीत भाजीतलं साचलेलं पाणी फावड्याने वाट करून सोडत होती, घोट्यापर्यंत चिखलात. मी बांधावर उभी राहिले. वाटेत केवढी वाक्यं जुळवली होती! मराठी शिकवते मी. एकही आठवलं नाही.

“तू पत्र परत का केलंस?” एवढंच म्हणाले.

तिने फावडं खाली टाकलं. “मोठ्या बाईंच्या पोटात काही राहत नाही.”

“आणि मी तुला हॉटेलात…”

“सरू,” ती म्हणाली, “तू जर त्या दिवशी शहाण्यासारखी प्लेट बाजूला सारली असतीस, तर आपण तिघी चिकन खाऊन घरी गेलो असतो. मला काही कळलं नसतं. तू कमळीच्या प्लेटमधलाही तुकडा उचललास ना, माझ्यावर दात खात, तेव्हा मी ओळखलं, हे नुसतं भांडण नाही. रागाने माणूस काहीही बोलतं. पण रागानेसुद्धा कुणी तो मासा खाल्ला नसता.”

त्या हॉटेलने आम्हाला ताजा मासा वाढला असता तर! रिक्षात बसल्यावर मी हात जोडले. नेमके कुणाला, ते माझं मलाच कळलं नाही. देवाला, इझाबेलला, त्या बर्फात कुजलेल्या पापलेटाला, सगळ्यांना मिळून जोडले असतील.

२० ऑगस्ट, बुधवार. हॉस्पिटल.

उद्या सकाळी. केस काढले. ऋतिका म्हणाली, “आई, तुझं डोकं किती सुबक आहे गं.” कमळीने शाळेतल्या सगळ्या वर्गांच्या सह्यांचं एक मोठं कार्ड आणलंय. सातवी ब ने लिहिलंय, ‘बाई, लवकर या, आम्ही घुशीची आठवन काढतो.’ ‘आठवण’मधला ण त्यांनी न काढला आहे. आल्यावर बघते.

भीती वाटते. तेवढं लिहून ठेवते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आहे. आहे मी.

अक्षर वाकडं येतंय. गाठ पूर्ण निघाली, साधीच होती. उजवा डोळा आता अर्धा नाही, पूर्ण बघतो. काल खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचली, आणि वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली.

हे स्वयंपाक शिकलेत. भाकरी आफ्रिकेच्या नकाशासारखी होते, पण होते. मी म्हटलं, आता माझ्या हातचा डबा न्या. तर म्हणाले, “आता नाही विसरणार.” आणि कधी नव्हे ते लाजले. का ते कळलं नाही. विचारेन कधीतरी.

कमळी दर बुधवारी ऑफिस सुटल्यावर येते, शाळेतल्या सगळ्या चुगल्या सांगते. इझाबेल रोज फोन करते, वेळापत्रकातली एकेक अडचण मला विचारते. तिला विचारायची गरज नाही, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. मी उत्तर देते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी झाली. आज मन बरं नाही, तेही लिहिते, नाहीतर ही डायरी आरतीचं पुस्तक होईल.

वास परत येणार नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण मला वाटत होतं, मी अपवाद असेन. उटणं लावलं, ओली माती लावल्यासारखं. चकल्या तळताना कढईजवळ उभी राहिले, नुसता गरम वाफारा. ऋतिका पुण्याहून आली, मिठी मारली. पूर्वी तिच्या केसांना तिचा असा एक वास असायचा, लहानपणापासूनचा. तो आता मला कधीच कळणार नाही.

दुपारभर रडले. मग ऋतिका शेजारी येऊन झोपली. मी रडलेय हे तिच्या लक्षात आलं असावं. पाय माझ्या पायांवर टाकून झोपली, शाळेत असताना टाकायची तसे. केवढी जड झाली आहे पोरगी!

१४ डिसेंबर, रविवार

आज सांडोरला इझाबेलकडे होते. सकाळी चर्चमधली मिसा झाल्यावर तीच येऊन घेऊन गेली. चालतच गेलो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

गेला महिनाभर इझाबेलने एक काम अंगावर घेतलंय. बरोबर असली की वास सांगते. सुरुवातीला अगदीच ढ होती. मी विचारलं, सोनचाफा कसा? म्हणे, सोनचाफ्यासारखा. भूगोलाची माणसं! आता सुधारली आहे. आज वाटेत थांबून म्हणाली, “इथे कुणीतरी झाडांखालचा पातेरा जाळलाय, पण ओला आहे, नीट पेटत नाहीये.” पुढे म्हणाली, “या घरात आज पाहुणे आहेत. गरम मसाला भाजतायत, आणि करपवलाय.” मी हसले. आत कुणाची तरी सून शिव्या खात असेल, हेही मला दिसलं.

इझाबेलची आई, सालोमीमावशी, ओट्यावर उन्हात बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, कानाने जवळजवळ काही ऐकू येत नाही. मला बघून काहीतरी म्हणाली. त्यांची घरातली बोली मला समजते, लिहिता येत नाही. अर्थ असा की, तुझं नाक गेलं, माझे कान गेले, आपण दोघी मिळून एक धड बाई आहोत. म्हटलं, दीड. तिला ऐकू गेलं नाही, पण ती हसली.

मागच्या अंगणात राजेळी केळी सोलून, मांडवावर चटयांवर सुकत घातली होती. आठवडाभर अशी उन्हं खाऊन त्यांची सुकेळी होतात. मावशीने तयार झालेल्यांतून एक माझ्या हातात दिलं. चिवट, मधाच्या रंगाचं. मी चावलं. गोड. गोड, खारट, आंबट एवढं माझ्या जिभेला अजून कळतं. त्याच्यापुढचं काही नाही. मी इझाबेलला म्हटलं, “सांग.”

तिने एक उचलून नाकाशी नेलं. “ऊन,” म्हणाली. “गूळ. थोडा आंबूस, चांगला आंबूस. आणि…”

ती थांबली. मला वाटलं, शब्द शोधतेय.

“बाबांचा सदरा,” ती म्हणाली. “दुपारी मांडवावरून उतरायचे, हात चिकट असायचे. आईला आवडायचं नाही, तरी तशाच हातांनी मला उचलायचे. माझं तोंड इथे यायचं.” तिने स्वतःच्या गळ्याखाली हात ठेवला. “मी आठ वर्षांची होते ते गेले तेव्हा. सरू, मी रोज ही सुकेळी बांधते, आणि हे आत्ता…”

एवढ्या वर्षांत इझाबेलने मला वडिलांबद्दल एवढंही सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. ती पदरात तोंड घालून रडायला लागली, तशी मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

मावशीला ऐकू काही आलं नव्हतं. लेकीचा चेहरा बघून तिने विचारलं, काय झालं? इझाबेल तिच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगायला लागली. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग लेकीच्या हातातलं सुकेळं घेतलं, नाकाला लावलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच बसली. डोळे उघडून एकच शब्द बोलली.

“काय म्हणाली?” मी इझाबेलला विचारलं.

“बरोबर, म्हणतेय.”

आम्ही तिघी तिथेच बसलो, मांडवावरचं ऊन उतरेपर्यंत. मी पाच सुकेळी खाल्ली.